कागदावरचे नेपथ्य आणि अंगावरचे नेपथ्य : व्हिक्टोरियन पँटोमाइमच्या वेशभूषेचा एक विचार

'नेपथ्य' हा शब्द आज मराठीत आपण रंगमंचावरील देखाव्याच्या अर्थाने वापरतो. नेपथ्यकार म्हणजे पडदे, भिंती, दारे-खिडक्या यांची योजना करणारा. नटाच्या अंगावरील वस्त्रे ठरविणारा तो वेशभूषाकार, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत बहुधा बरेच खाली येते. संस्कृत नाट्यपरंपरेत ही विभागणी नव्हती. तेथे नेपथ्य म्हणजे नटाचा वेश, आणि तो वेश जेथे चढवावयाचा ती पडद्याआडची जागाही. भरताने आहार्य अभिनयाचे विवेचन करताना नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव असे चार प्रकार सांगितले आहेत. बांबू, कापड, चामडे इत्यादींपासून केलेल्या कृत्रिम वस्तू म्हणजे पुस्त. रंगभूमीवर प्रवेश करणारे प्राणी म्हणजे सज्जीव. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या एका नाट्यप्रकाराचा विचार करताना ही चौकट इतकी नेमकी उपयोगी पडते, की इंग्रजी परिभाषेपेक्षा तिच्याच आधाराने बोलणे मला सोयीचे वाटते.

दुसरा शब्द 'पँटोमाइम'. तो मूळ ग्रीक. सर्व काही अनुकरणाने दाखविणारा, असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. रोमन काळी एकच नर्तक मुखवटे बदलीत, स्वतः एक शब्दही न उच्चारता अख्खी कथा उभी करी. त्यामुळे मराठीत आपण या शब्दासाठी 'मूकनाट्य' किंवा 'मूकाभिनय' वापरतो ते व्युत्पत्तीला धरूनच आहे. पण व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) इंग्लिश पँटोमाइमला हे नाव लावून पाहणारा वाचक पहिल्याच पावलाला फसेल. हा प्रकार मुका तर नव्हेच. तो अखंड बोलणारा, गाणारा, कोट्या करणारा होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, त्याचा पहिला प्रयोग व्हावयाचा आणि पुढे काही आठवडे, कधी काही महिने तो चालावयाचा. सिंड्रेला, अल्लाउद्दीन, अलिबाबा, डिक व्हिटिंग्टन यांच्या कथा, त्यांत पऱ्या आणि राक्षस, बोलणारी मांजरे, नाचणारी गाय, आणि मुलाबाळांसह आलेले सर्व थरांतील प्रेक्षक. या एका खेळाच्या मिळकतीवर कित्येक नाटकगृहांचे वर्षभराचे गणित अवलंबून असे. साहजिकच वेशभूषेवर होणारा खर्चही याच खेळाच्या वाट्याला सर्वाधिक येई.

या वेशभूषेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर साधनांची एक विचित्र विषमता उभी राहते. कापड टिकलेले नाही. एका वर्षीचे पोशाख पुढल्या वर्षी उसवून नव्या रूपात वापरले जात, भाड्याने दिले जात किंवा गावोगावच्या लहान नाटकगृहांना विकले जात. घाम, रंग आणि धूर यांनी ते अखेर संपत. कागद मात्र टिकला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या काळच्या वेशभूषाकारांची जलरंगातील चित्रे जपलेली आहेत आणि ती पाहताना कोणाचेही मन मोहून जाईल. परिणामी आपण जो इतिहास लिहितो तो वेशभूषेचा राहत नाही, वेशभूषेच्या चित्रांचा होतो. भाषेच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची आहे. लेखी भाषा टिकते, बोली हवेत विरते. म्हणून पूर्वसूरींनी लेखी भाषेलाच भाषा मानले आणि कित्येक पिढ्या चुकीच्या गृहीतावर व्याकरणे रचली. पँटोमाइमच्या बाबतीत तोच प्रमाद आपण करीत आहोत की काय, हे तपासण्याचा येथे विचार आहे.

आरंभ चित्रकारापासून न करता नटापासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पँटोमाइमचा गाभा होता 'हार्लेक्विनेड'. इटालियन लोकनाट्यातून आलेली हार्लेक्विन, कोलंबाइन, पँटलून आणि क्लाउन ही चार पात्रे त्यात असत. यांचा वेश म्हणजे त्यांचे नावच होते. हार्लेक्विनच्या अंगावरील रंगीबेरंगी चौकटी दिसल्या की तो कोण हे सांगावे लागत नसे. त्यातही पिवळा म्हणजे मत्सर, निळा म्हणजे सत्य, तांबडा म्हणजे प्रेम, काळा म्हणजे अदृश्यता असे संकेत होते, आणि नट त्या त्या रंगावर बोट ठेवून आपल्या मनाची अवस्था दर्शवी. (पँटलून हे पात्र काळाच्या ओघात रंगमंचावरून गेले, पण त्याच्या लांब विजारीचे नाव इंग्रजीत संक्षेप पावून आपल्याकडे आले आणि आज खेड्यापाड्यांतला मुलगाही 'पँट' घालतो. व्हेनिसच्या एका चिडखोर म्हाताऱ्या व्यापाऱ्याचे हे सर्वांत दीर्घायुषी वेषांतर म्हणावे लागेल.)

हा संकेतबद्ध वेश बदलला तो नटांनीच. १८०० साली ड्रुरी लेन येथील 'हार्लेक्विन ॲम्युलेट' या खेळात जेम्स बर्न या नर्तकाने हार्लेक्विनचा ढगळ अंगरखा टाकून अंगाला चिकटून बसणारा, टिकल्यांनी चमचमणारा पोशाख केला. कारण त्याला नाचावयाचे होते व शरीराची रेषा दिसावयास हवी होती. त्याच वर्षी सॅडलर्स वेल्स येथे जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) याने क्लाउनच्या जुन्या गावंढळ नोकराच्या वेशाऐवजी भडक रंगांचा, झालरींचा, नक्षीदार वेश धारण केला आणि पांढऱ्या फासलेल्या चेहऱ्यावर गालांवर तांबडे त्रिकोण काढले. त्याचा ठसा एवढा खोल उमटला की पुढे इंग्लंडात कोणत्याही विदूषकाला त्याच्या नावावरून 'जोई' म्हणू लागले. व्यक्तिनामाचे सामान्यनाम व्हावे, आणि ते मुख्यतः वेशाच्या व रंगभूषेच्या बळावर व्हावे, याची अशी उदाहरणे थोडीच सापडतात.

ग्रिमाल्डीचे आणखी एक कसब येथे नोंदले पाहिजे. तो रंगमंचावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, हाताशी सापडेल त्या वस्तूंतून वेश रचीत असे. १८१२ च्या एका पँटोमाइममध्ये त्याने कोळसे ठेवण्याच्या दोन बादल्यांत पाय घालून त्यांचे घोडेस्वाराचे बूट केले व स्त्रियांचा हात उबदार ठेवण्याचा केसाळ मफ डोक्यावर चढवून हुसार पलटणीच्या गणवेशाची यथेच्छ टर उडविली. त्या काळी या पलटणींच्या दिमाखदार पोशाखांचा मोठा बडेजाव चालला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बादल्यांचा नाद किती दूर पोहोचला असेल याची कल्पना येते. येथे वेशभूषाकार कोण? कागद नाही, कापड नाही, शिंपी नाही. आहे तो फक्त नटाचा डोळा.

या काळातील वेशाची यंत्रणाही मनोरंजक होती. खेळाच्या पूर्वार्धात परीकथा चाले व मध्येच एखादी परी जादूची कांडी फिरवून नायक-नायिकांचे हार्लेक्विन व कोलंबाइन यांत रूपांतर करी. हे रूपांतर क्षणार्धात व्हावयास हवे. म्हणून नट आतून हार्लेक्विनेडचा वेश घालून वर ढगळ झगे व कागदाच्या लगद्याचे प्रचंड मुखवटे चढवीत. दोरी ओढली की वरचा वेश गळून पडे. ही 'मोठी डोकी' म्हणजे भरताच्या परिभाषेत शुद्ध पुस्त. मुखवट्यामुळे नटाचा चेहरा लपे, आवाज दबे, आणि संवादापेक्षा हालचालींवर भर राही. म्हणजे वेशाची एक तांत्रिक सोय नाट्यप्रकाराचे स्वरूपच ठरवीत होती.

पुढे शतकाच्या मध्यास ही डोकी करणारा एक कलावंत ड्रुरी लेनला प्रसिद्धीस आला. त्याचे नाव रिचर्ड विन कीन. परंतु तो 'डिक्विन्किन' या नावाने ओळखला जाई. रिचर्डचा डिक, त्याला जोडून विन आणि कीन. उच्चार तोच ठेवून वर्ण असे काही बदलले की एखाद्या गुहेत राहणाऱ्या बुटक्याचे नाव वाटावे. आपल्या नावावरही मुखवटा चढविणाऱ्या या माणसाची डोकी ई. एल्. ब्लँचर्डच्या संहितांइतकीच खेळाचे आकर्षण बनली.

दरम्यान दुसऱ्या दिशेने एक वेगळाच प्रवाह आला. जेम्स रॉबिन्सन प्लांशे (१७९६–१८८०) हा नाटककार खरा, पण वृत्तीने पुराणवस्तुसंशोधक. १८२३ साली कॉव्हेंट गार्डनला शेक्सपिअरचे 'किंग जॉन' इतिहासाला धरून असलेल्या वेशात उभे करण्यात त्याचा पुढाकार होता. १८३४ मध्ये त्याने ब्रिटिश वेशभूषेचा इतिहास लिहिला. १८३१ साली मादाम वेस्ट्रिसच्या ऑलिंपिक थिएटरात त्याचे पौराणिक प्रहसन झाले तेव्हा विनोदी नाटकात वेशही विद्रूप असलाच पाहिजे हा रूढ समज त्याने मोडला. देव-देवता शुद्ध ग्रीक वेशात आणि तोंडी मात्र लंडनची चावट भाषा! विसंगती वेशातून काढून ती वेश व वाणी यांच्या संबंधात नेऊन ठेवणे, ही प्लांशेची खरी देणगी. पँटोमाइमने ती पुरतेपणी आत्मसात केली असे म्हणवत नाही. परंतु सुंदर वेश हा विनोदाचा शत्रू नव्हे, एवढे मात्र त्याने शिकविले.

१८४३ च्या कायद्याने ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन यांची मक्तेदारी संपली. मग स्पर्धा वाढली, पूर्वार्धाची परीकथा लांबत गेली आणि हार्लेक्विनेड आक्रसत शेवटच्या काही प्रवेशांपुरते उरले. त्याबरोबर संकेतबद्ध वेशही मागे पडला. दरवर्षी नवी परी, नवे राज्य, नवी मिरवणूक हवी. आणि जे दरवर्षी नवे हवे ते परंपरेतून मिळत नाही, कोणीतरी कल्पून कागदावर उतरवावे लागते. वेशभूषाकार हा स्वतंत्र व्यवसाय येथे जन्माला आला.

या व्यवसायाचा सर्वांत मोठा मानकरी म्हणजे सी. विल्हेल्म. हा जर्मन नव्हे. केंट परगण्यातील एका जहाजबांधणी व्यावसायिकाचा हा मुलगा, खरे नाव विल्यम जॉन चार्ल्स पिचर (१८५८–१९२५). चार्ल्सचे आद्याक्षर आणि विल्यमचे जर्मन रूप यांतून त्याने व्यावसायिक नाव घडविले. डिक्विन्किनप्रमाणे येथेही नामांतर आहेच, फक्त गमतीच्या जागी आता प्रतिष्ठेची आकांक्षा आली आहे. १८७९ साली ऑगस्टस हॅरिस (१८५२–१८९६) याने ड्रुरी लेनची सूत्रे हाती घेतली आणि लवकरच विशीतला विल्हेल्म त्याच्यासाठी चित्रे काढू लागला. हॅरिसला भव्यतेचे वेड होते. १८८६ च्या 'फॉर्टी थीव्हज'मध्ये चाळीस चोर रंगमंचावर आले ते प्रत्येकजण आपापल्या स्वतंत्र लवाजम्यासह. चाळीस नायक, प्रत्येकाच्या परिवाराची वेगळी रंगसंगती, असा हिशोब केला म्हणजे विल्हेल्मच्या टेबलावर किती कागद साचले असतील हे सहज कळते. कथानकाला यातील काहीही लागत नव्हते. एक चोर व चाळीस चोर यांत कथेच्या दृष्टीने जो फरक आहे तोही या मिरवणुकीने बुडवून टाकला, असे मला वाटते. कारण प्रत्येक चोर इतका वेगळा झाला की 'टोळी' ही कल्पनाच उरली नाही.

तरीही विल्हेल्मला केवळ झगमगाटाचा कारागीर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या आधी प्रत्येक पोशाख सुटा विचारात घेतला जाई. विल्हेल्मने समूहाचा विचार केला. एकाच रंगाच्या फिकट छटेपासून गडद छटेपर्यंत नर्तिकांच्या रांगा चढत जाव्यात, फुलांच्या पाकळ्यांतून किंवा फुलपाखराच्या पंखांतून वस्त्राचा आकार सुचावा, आणि एक रांग दुसरीत मिसळताना रंगांचा कलह होऊ नये, अशी त्याची योजना असे. भाषाशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शब्दाकडून वाक्याकडे जाण्यासारखे हे स्थित्यंतर आहे. आपल्या कलेविषयी तो जाणीवपूर्वक लिहितही असे. ड्रुरी लेनबरोबरच एम्पायर थिएटरची नृत्यनाट्ये आणि १८९३ साली लायसियमला ऑस्कर बॅरेटने सादर केलेली 'सिंड्रेला' ही त्याच्या प्रौढ शैलीची क्षेत्रे होत.

परंतु चित्र आणि प्रयोग यांत प्रकाशाचे अंतर होते, आणि ते फार मोठे होते. चित्र दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर काढलेले असते. रंगमंचावर मात्र १८१७ पासून गॅसचे दिवे होते. गॅसचा प्रकाश पिवळसर. त्यात निळा व हिरवा यांतील भेद पुसट होतो, फिकट पिवळा पांढऱ्यात विरतो आणि जांभळा मळकट दिसतो. त्यावर चुन्याच्या कांडीवर ज्वाला सोडून केलेला लाइमलाइट. हा तीव्र, पांढरा, एकाच ठिकाणी रोखता येणारा. एकच पोशाख नर्तिका झोतात असताना एक आणि झोताबाहेर गेली की दुसरा दिसे. शिवाय रूपांतर-दृश्याच्या वेळी रंगीत ज्योती पेटविल्या जात, लाल प्रकाशासाठी स्ट्रॉन्शियमचे व हिरव्यासाठी बेरियमचे क्षार वापरीत. त्या क्षणी तर कापडाचा स्वतःचा रंग जवळजवळ नाहीसाच होई. १८५६ साली पर्किनला मॉव्ह हा कृत्रिम रंग सापडला आणि पाठोपाठ मॅजेंटासारखे तीव्र रंग बाजारात आले, त्यांचा रंगभूमीला झालेला उपयोग या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. वेशभूषाकाराला म्हणूनच कापडावर विसंबून चालत नसे. प्रकाश परतविणारे काहीतरी हवे असे. टिकल्या, बेगड, काचेचे मणी, आणि जस्ताचे खोटे दागिने. या दागिन्यांना 'लोगी' म्हणत. ते बनविणाऱ्या डेव्हिड लोगी याच्या आडनावावरून हे नाम पडले. झगमगाट ही अभिरुचीची उणीव होती असे जे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. मंद पिवळ्या उजेडात शेवटच्या गॅलरीपर्यंत पोहोचावयाचे तर चकाकी हाच उपाय होता. सॅव्हॉय थिएटरात १८८१ मध्ये विजेचे दिवे आले आणि पुढल्या वर्षी 'आयोलान्थी'तील पऱ्यांनी केसांत इवले विद्युद्दीप व पाठीवर विजेरी बाळगून प्रवेश केला, तेव्हा प्रकाश प्रथमच वेशाचा भाग झाला. त्या पऱ्यांच्या वेशरचनेतही विल्हेल्मचा हात होता.

आता त्या गोष्टीकडे वळले पाहिजे, जिच्याविषयी चित्रे एक अक्षरही बोलत नाहीत.

परीचा घोळदार झगा टार्लटन नावाच्या विरळ, खळ देऊन ताठ केलेल्या सुती कापडाचा असे. विरळ कापडात हवा खेळते व सूत पेटते. त्याच्याइतका ज्वालाग्राही पोशाख कल्पिणे कठीण. आणि हा पोशाख घालून मुलींनी वावरावयाचे कोठे? तर उघड्या ज्योतींच्या पायदिव्यांपुढे, पाखांतील गॅसच्या नळ्यांशेजारी. रूपांतर-दृश्यात तर त्यांना लोखंडी सांगाड्यांना पट्ट्यांनी बांधून उंचावर टांगीत. सभोवती गॅसच्या रांगा आणि खाली रंगीत ज्योती. कापडाने पेट घेतला तर पट्टा सोडवून पळण्याचीही सोय नव्हती. डिसेंबर १८४४ मध्ये ड्रुरी लेनच्या रंगमंचावर, एका नृत्यनाट्याच्या प्रयोगात, क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीच्या झग्याने पेट घेतला आणि काही दिवसांत ती मरण पावली. जानेवारी १८६३ मध्ये प्रिन्सेस थिएटरात ऐन पँटोमाइमच्या प्रयोगात दोन नर्तिकांचे कपडे पेटले. त्यांतील एक वाचली नाही. त्याच वर्षीच्या जुलैत पॅरिसला एमा लिव्री ही नामवंत नर्तकी आठ महिने यातना भोगून अशाच भाजण्याने मरण पावली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या मालिकेला नर्तिकांची आहुती अशा अर्थाचे नाव दिले. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

उपाय माहीत नव्हता असेही नाही. व्हर्समन व ओपेनहाइम या रसायनज्ञांनी १८५९ मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले होते: अमोनियमचे काही क्षार किंवा सोडियम टंग्स्टेट यांच्या द्रावणात कापड बुडविले तर ते ज्योत धरीत नाही, त्यांतही टंग्स्टेटची प्रक्रिया केलेल्या कापडाला इस्त्री फिरविता येते. राणीच्या धुलाईखान्यातही याची चाचणी झाली होती. मग वापर का झाला नाही? कारण असे कापड जड होते, लुळे पडते, त्याची शुभ्रता मावळते. झग्याचा ताठ, पिसासारखा हलका घेर हे परीचे चिन्ह होते. घेर गेला तर परी गेली. एमा लिव्रीने हीच तक्रार करून प्रक्रिया केलेले कापड नाकारले होते. लंडनमध्ये नाकारण्याचा किंवा स्वीकारण्याचा प्रश्न समूहातील मुलींना विचारलाच जात नसे. नाटकगृह देईल तो पोशाख त्या घालीत. १८६४ साली लॉर्ड चेंबरलेनने काढलेल्या नियमांत गॅसच्या दिव्यांना जाळी बसवावी, पाखांत ओल्या कांबळी व पाण्याच्या बादल्या तयार ठेवाव्यात अशी कलमे आली. हे नियम बारकाईने वाचावेत. त्यांनी दिव्याला आवर घातला, ओली कांबळी जवळ आणली. झग्याला मात्र हात लावला नाही. वेशाची सौंदर्यकल्पना अबाधित ठेवून तिच्या परिणामांची व्यवस्था करणे, असे या धोरणाचे स्वरूप होते.

येथे कोणी म्हणेल की हा सुरक्षेचा इतिहास झाला, वेशभूषेचा नव्हे. मला हा आक्षेप मान्य नाही. कापडाची निवड, घेराची लांबी, खळीचे प्रमाण हे वेशभूषाकाराचेच निर्णय आहेत. चित्रातील परीचा घेर जेवढा मोहक तेवढा तो रंगमंचावर धोक्याचा, आणि हे दोन्ही एकाच रेषेने ठरते. चित्राला वेश मानले की ती रेषा केवळ रेषा राहते. जी मुलगी ती अंगावर घेऊन गॅसच्या ज्योतीवर टांगली गेली, ती इतिहासातून आपोआप वगळली जाते. तिचा वृत्तान्त शोधावयाचा तर कलासंग्रहालय सोडून अपमृत्यूच्या चौकश्यांच्या वार्तांकडे व वैद्यकीय नियतकालिकांकडे जावे लागते. मुलांच्या बाबतीतही असेच आहे. बुटके, बेडूक, पाखरे यांचे वेश घालणारी शेकडो मुले गरीब घरांतून येत. १८८९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना रंगमंचावर आणण्यास बंदी केली आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी परवाना आवश्यक केला. चित्रात बेडकाचे वय दिसत नाही.

आता उरला तो पँटोमाइमचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग, म्हणजे उलट्या वेशांची जोडी. नायकाची भूमिका स्त्री करी, तिला 'प्रिन्सिपल बॉय' म्हणत. आणि नायकाच्या म्हाताऱ्या आईची भूमिका पुरुष करी, ती 'डेम'. मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण ती बाजूला ठेवावी; तेथे पुरुष आहे याचा विसर पाडणे हे वेशाचे प्रयोजन होते, येथे तो विसर एक क्षणही पडू न देणे हे आहे. प्रिन्सिपल बॉयच्या वेशात पुरुषत्वाची चिन्हे अगदी मोजकी: टोपीवर पीस, कमरेला तलवार. बाकी सारा पोशाख, आवळलेली कंबर, आखूड अंगरखा, रेशमी टाइट्समधील पाय, स्त्रीत्वाचीच जाहिरात करी. ज्या समाजात स्त्रीचा घोटा दिसणे अप्रशस्त मानले जाई तेथे हे चालत असे ते 'मुलगा' या नाममात्र संकेताच्या आडोशाने. विल्हेल्मने या पात्रासाठी अनेक सुंदर वेश कल्पिले आहेत. तरी त्यांतून नवा अर्थ निघाला असे मला वाटत नाही. संकेत तोच, कलाकुसर अधिक.

डेमचे तसे नाही. अल्लाउद्दीनच्या आईचे 'विडो ट्वँकी' हे नाव प्रथम १८६१ साली स्ट्रँड थिएटरातील एच्. जे. बायरनच्या प्रहसनात आले. ट्वँके हा त्या काळी इंग्लंडात विकला जाणारा हिरव्या चहाचा एक प्रकार. त्याचे नाव चीनमधील आन्ह्वी प्रांतातल्या तुन्शी या गावाच्या नावाचा अपभ्रंश. म्हणजे चिनी गावाचे नाव चहाच्या पेटीवर आले, पेटीवरून वाण्याच्या दुकानात, आणि दुकानातून लंडनच्या एका धोबिणीच्या अंगाला चिकटले. पात्राचा वेशही असाच घडला. नावापुरता चीन, आणि बाकी लंडनच्या गल्लीतली कष्टाळू, तोंडाळ, अर्धवट उसनी प्रतिष्ठा मिरविणारी बाई.

हे डेमचे पात्र परिपूर्ण केले डॅन लेनोने (१८६०–१९०४). १८८८ पासून तो ड्रुरी लेनला दरसाल येऊ लागला. १८९६ मध्ये त्याने विडो ट्वँकी केली आणि राणीच्या मृत्यूनंतर, १९०२ च्या नाताळात, त्याच्याचसाठी लिहिलेली 'मदर गूज'. लेनो संगीत-सभागृहांतून वर आलेला, गरिबीत वाढलेला नट. त्याच्या डेमचे केस मध्यभागी भांग पाडून घट्ट ओढलेले, मागे एवढीशी गाठ. खांद्यावर शाल, पायांत रबरी पट्टीचे बूट, आणि सतत काहीतरी सावरणारे हात. यांतली प्रत्येक वस्तू कोणत्याही जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळण्यासारखी होती. ग्रिमाल्डीच्या कोळशाच्या बादल्यांनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी नट पुन्हा डोळ्यांनी वेश रचीत होता, आणि तोही त्याच रंगमंचावर, जेथे विल्हेल्मच्या व त्याच्यानंतर आलेल्या चित्रकारांच्या मिरवणुका झळकत होत्या.

त्या मिरवणुका आता कागदावर आहेत. डेम मात्र आजही डिसेंबर लागला की इंग्लंडच्या गावोगावी रंगमंचावर येते. काही ठिकाणी तिचे झगे वेशभूषाकाराने कल्पिलेले, अतिशय खर्चिक व हास्यास्पद रीतीने भव्य असतात, आणि काही ठिकाणी ती अजून त्या शालीत व त्याच बुटांत असते. लेनोची त्या वेशातील छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत शालीचा रंग कळत नाही. ती एका खांद्यावरून किंचित घसरलेली आहे एवढेच दिसते.